आधी नोंदवही, मग डीएनए

प्रश्न: आमचे वडील (वय ७१) २०२३ च्या आषाढीला पंढरपुरात गर्दीत चुकले. विसरभोळेपणा बराच वाढला होता. पंढरपूरला मिसिंग दाखल केली आहे, पण त्यापुढे काही हललं नाही. घरी आई, मी आणि दोन भाऊ. आत्या इंडी तालुक्यात असते. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, तिकडचं डीएनए किट मागवा, तिकडे नाव-गाव नसलेले मृतदेहसुद्धा त्यावरून ओळखतात. आम्ही इथे पोलिसांकडे डीएनए दिला तर तो देशभर जुळवून बघतात का? कुणी द्यायचा? वडिलांचं जुनं सामान जपून ठेवलंय, त्याचा उपयोग होईल का?
एक वाचक, जोडभावी पेठ, सोलापूर

उत्तर: ताई, मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. तुम्ही आज रक्त दिलंत म्हणून ते देशभरातल्या अनोळखी मृतदेहांशी आपोआप ताडून पाहिलं जात नाही. कायद्याने उभी केलेली तशी बँकच आपल्याकडे नाही. हरवलेल्यांच्या नातलगांचे आणि बेवारस मृतदेहांचे डीएनए एकत्र ठेवून जुळवावेत, अशी मागणी लोकनीती फाउंडेशन या संस्थेने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात केली होती. कायदा आणू, असं केंद्राने २०१८ मध्ये न्यायालयाला सांगितलं. २०१९ मध्ये विधेयक लोकसभेत आलं, स्थायी समितीकडे गेलं, आणि जुलै २०२३ मध्ये, म्हणजे तुमचे वडील चुकले त्याच्या पुढच्याच महिन्यात, मागे घेतलं गेलं. २०२२ चा ओळखपटवणीचा कायदा आहे, पण तो अटक झालेल्या आणि शिक्षा झालेल्या लोकांसाठी. हरवलेल्या माणसाच्या घरच्यांना त्याचा उपयोग नाही.

मग डीएनए देऊन काय होतं? एका विशिष्ट मृतदेहाशी तुलना होते. एका हाताने टाळी वाजत नाही. तुमचा नमुना ही एक बाजू झाली, समोर कुणाचा नमुना ठेवायचा हे आधी ठरलं पाहिजे. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळलं तेव्हा प्रवाशांची यादी हातात होती, मृतदेह एका ठिकाणी आणले होते आणि नातलग तिथेच येऊन रक्त देत होते. म्हणून बहुतेकांची ओळख काही दिवसांत पटली. बोस्नियात नव्वदच्या दशकातल्या युद्धानंतर नातलगांचं रक्त आणि सापडलेली हाडं, दोन्ही बाजू मोठ्या प्रमाणावर गोळा केल्या गेल्या. तिथल्या स्रेब्रेनित्सा हत्याकांडातल्या सुमारे ८,००० बळींपैकी जवळपास ७,००० जणांची ओळख पटली ती त्यामुळे. तुमच्या बाबतीत ना यादी आहे, ना जागा नक्की आहे. त्यामुळे दुसरी बाजू तुम्हाला नोंदवह्यांतून शोधावी लागेल. खरं काम तिथे आहे, आणि ते चिवटपणे केलं तर होतं.

त्याआधी एक गोष्ट. वडील हयात असण्याची शक्यता खुली ठेवूनच शोध घ्या. स्मृती गेलेला माणूस आश्रमात, मनोरुग्णालयात किंवा निवारा केंद्रात वर्षानुवर्षं दुसऱ्याच नावाने राहू शकतो. तिथे डीएनएपेक्षा बोटांचे ठसे लवकर कामी येतात. संस्थेने अशा माणसाचं नवं आधार काढायचा प्रयत्न केला की जुनी नोंद आडवी येते, अर्ज फेटाळला जातो, आणि आधार कार्यालयाने पुढे शोध घेऊन घर सापडल्याचे प्रकार महाराष्ट्रात घडले आहेत. म्हणून वडिलांच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. तो साधा रिचार्ज करून सुरू ठेवा आणि त्यावरचे मेसेज कुणीतरी रोज बघा. मृतदेहाच्या बाबतीत मात्र हा रस्ता बंद आहे. आधारमधले ठसे कुणालाही, कोणत्याही कारणासाठी देता येत नाहीत, असं आधार कायद्याचं कलम २९ सांगतं. ‘पोलिसांनी ठसे आधारला लावून बघावेत’ ही मागणी त्यामुळे पुढे जात नाही. रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवणाऱ्या कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनसारख्या संस्थांना आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला फोटोसह पत्र पाठवा. फोटो दोन द्या: एक नेहमीचा, एक दाढी वाढलेला. तसा नसेल तर आजारपणातला चालेल. दाढी-केस वाढले की घरचेसुद्धा पटकन ओळखत नाहीत.

आता नोंदवह्या. पंढरपूरला जाऊन मिसिंगची प्रत घ्या आणि घरी बसून ओळ न् ओळ वाचा. उंची, वय, अंगावरचे कपडे, सगळं त्या दिवशीच्या धांदलीत लिहिलेलं असतं. ‘पांढरा सदरा, धोतर, टोपी, गळ्यात तुळशीची माळ’ हे वर्णन आषाढीच्या पंढरपुरात हजारो माणसांना लागू पडतं. तपास अंमलदाराला पुरवणी जबाब द्या आणि त्यात शरीराच्या खुणा घाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, कोणत्या डोळ्याचं? आत बसवलेली लेन्स मृत्यूनंतरही सापडते. हाड मोडून रॉड किंवा प्लेट टाकली आहे का? इम्प्लांटवर कंपनीचा नंबर असतो, आणि तो हॉस्पिटलच्या कागदाशी जुळला तर डीएनएची गरजही पडत नाही. हर्नियाचा व्रण, गोंदण, पडलेले दात, कवळी, मागावर काम करून वाकलेलं बोट, सगळं लिहून द्या. सदऱ्याच्या कॉलरमध्ये शिंप्याची पट्टी होती का, तेही आठवून बघा.

मग मृतदेहांची यादी. इथे लोक दोन ठिकाणी चुकतात. एक, फक्त पहिल्या महिन्याची नोंद बघतात. वडील चार महिने कुठेतरी जिवंत राहून मग गेले असतील, तर ती नोंद आषाढीच्या आसपास सापडणारच नाही. दुसरं, फक्त पंढरपुरात शोधतात. पंढरपूर कुर्डुवाडी-मिरज रेल्वेमार्गावर आहे, आणि कुर्डुवाडीला गाडी बदलली की माणूस मुंबईपासून चेन्नईपर्यंत कुठेही जाऊ शकतो. नदीचंही तसंच आहे. पंढरपूरनंतर भीमा मंगळवेढ्यावरून दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटच्या कडेने जाते. पलीकडच्या काठाला चडचण, इंडी आणि पुढे अफजलपूर. पात्रात ठिकठिकाणी बंधारे आहेत आणि वाहून आलेलं प्रेत तिथे अडकतं. ते कोणत्या काठाला लागलं त्यावर नोंद महाराष्ट्राची की कर्नाटकाची हे ठरतं. आपल्याकडे अशी नोंद आकस्मिक मृत्यू म्हणून होते आणि तिला अ.मृ. क्रमांक मिळतो. कर्नाटकात तिला यूडीआर म्हणतात. चडचणच्या ठाण्यात जाऊन अ.मृ. विचारलंत तर समोरचा गोंधळेल, यूडीआर विचारा. कन्नड बोलणारं कुणी सोबत असू द्या. आत्याच्या घरचं कुणी आलं तर उत्तमच.

सोलापुरातही एकाच ठिकाणी विचारून भागत नाही. शहर पोलीस आयुक्तालय वेगळं, ग्रामीणचं अधीक्षक कार्यालय वेगळं, लोहमार्ग पोलीस आणखी वेगळे. रुळांवर सापडलेल्या मृतदेहाची नोंद कधी लोहमार्गकडे असते, कधी स्थानिक ठाण्याकडे. दोन्हीकडे विचारा. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह शोधण्याची सोय आहे. तिथून सुरुवात करा, पण त्यावर विसंबू नका. नावाचं स्पेलिंग, वयाचा अंदाज, फोटो न चढवणं, यांतल्या एकाही चुकीने नोंद दिसेनाशी होते.

सगळ्यात उपयोगी पडतो तो माहितीच्या अधिकारातला अर्ज. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पंढरपुरापासून खाली नदीकाठची ठाणी ज्या ज्या कार्यालयाखाली येतात, तिथे वेगवेगळे अर्ज करा. मजकूर मोघम ठेवलात तर उत्तरही मोघम येतं. असा लिहा: ‘दि. २९ जून २०२३ पासून आजपर्यंत आपल्या हद्दीत सापडलेल्या, अद्याप ओळख न पटलेल्या, अंदाजे ५० ते ९० वयाच्या पुरुष मृतदेहांची यादी मिळावी. प्रत्येकाबाबत अ.मृ. क्रमांक, सापडल्याची तारीख व ठिकाण, अंदाजे उंची, अंगावरील वस्तू, शवविच्छेदन कोठे झाले, डीएनएसाठी दात, हाड किंवा रक्त राखून ठेवले आहे काय, आणि मृतदेहाचे दफन केले की दहन, ही माहिती द्यावी.’ वयाची पट्टी मुद्दाम रुंद ठेवायची. पाण्यात किंवा उन्हात राहिलेल्या देहाचं वय डोळ्यांनी सांगताना दहा-पंधरा वर्षांचा फरक सहज पडतो. कर्नाटकातल्या कार्यालयांना अर्ज कन्नडमध्ये द्या.

यादी आली की शेवटचे दोन रकाने आधी वाचा. दहन झालं असेल आणि काहीच राखलं नसेल, तर अस्थी किंवा राख प्रयोगशाळेत नेऊन उपयोग नाही. त्या तापमानात डीएनए उरत नाही. दफन झालं असेल तर तहसीलदारांसारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने देह पुन्हा बाहेर काढता येतो, मात्र त्यासाठी पुरलेली जागा नोंदीवरून नक्की सांगता आली पाहिजे. ‘व्हिसेरा (म्हणजे शवविच्छेदनात काढलेले आतल्या अवयवांचे भाग) राखला आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. तो विषप्रयोग तपासण्यासाठी मिठाच्या पाण्यात ठेवलेला असतो आणि तपासणी उरकली की तो राहीलच असं नाही. फॉर्मालिनमध्ये ठेवलेला भाग तर डीएनएसाठी जवळजवळ वाया जातो. विचारायचं ते असं: दाढा ठेवल्या आहेत का, मांडीच्या हाडाचा तुकडा ठेवला आहे का, कापडावर किंवा कार्डावर वाळवलेलं रक्त आहे का? फोटो आणि कपड्यांचा मुद्देमाल बघायला मागा. एक सांगून ठेवतो, कुजलेल्या चेहऱ्याच्या फोटोवरून ‘हो, हेच’ किंवा ‘नाही, हे नाहीत’ असं कुणीही छातीठोक सांगू नये. दोन्हीकडे चुका होतात. खुणा साधारण जुळत असतील तर निर्णय डीएनएवर सोडा.

आता कुणी रक्त द्यायचं ते. नात्यागोत्याची ही बाजू नीट समजून घ्या, कारण चुकीच्या माणसाचा नमुना घेतला तर महिने वाया जातात.

नेहमीच्या तपासणीत डीएनएवरच्या वीसेक ठरावीक जागा बघतात. तिथला छोटा तुकडा किती वेळा पुन्हा पुन्हा येतो ते मोजतात, आणि प्रत्येक जागी माणसाकडे असे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. वडिलांच्या दोन आकड्यांपैकी नेमका एक प्रत्येक मुलात उतरतो, पण कोणता ते नशिबावर. समजा एखाद्या जागी वडिलांचे आकडे १४ आणि १७ आहेत. एकट्या तुमच्यात त्यातला एकच दिसेल. दोन भावंडं तपासली तर दोन्ही आकडे दिसण्याची शक्यता निम्मी, तिघं तपासली तर तीन-चतुर्थांश. म्हणून तुम्ही तिघांनीही नमुना द्या, ‘मोठ्याने दिला, पुरे’ म्हणू नका. आणि आईचा नमुना अवश्य द्या. नवरा-बायकोचं रक्ताचं नातं नसतं, मग आईचं काय काम, असं ठाण्यातही कुणी विचारेल. काम वजाबाकीचं आहे. तुमच्यातले आईचे आकडे बाजूला काढले की उरतात ते वडिलांचे. आई आणि तीन मुलं मिळून वडिलांचा बराचसा नकाशा पुन्हा मांडता येतो.

आत्याची गरज वेगळ्या कारणाने लागते. पाण्यात, मातीत जुन्या झालेल्या हाडात नेहमीचा डीएनए तुटून जातो. माइटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा, डीएनए मात्र एकेका पेशीत शेकडो-हजारो प्रतींत असतो, त्यामुळे तो टिकून राहण्याची शक्यता जास्त. तो फक्त आईकडून मुलांत येतो. म्हणजे तुमच्या वडिलांचा माइटोकॉन्ड्रियल डीएनए तुमच्या आजीचा. तो तुम्हा तिघांत नाही, कारण तुमच्यात तुमच्या आईचा आला. आत्यात आहे, आणि आत्याच्या मुलांतही आहे. आत्या थकली असेल तर आत्तेभाऊ किंवा आत्तेबहीण चालेल. उलट वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलग्यात जातं. ते तुमच्या भावांत आहे, काकांत आहे, चुलतभावांत आहे. फक्त ते सगळ्या भावकीत सारखं असू शकतं, तसंच माइटोकॉन्ड्रियल डीएनए आजीच्या माहेरच्या कितीतरी लोकांत एकच असतो. त्यामुळे हे दोन्ही पुरावे ‘हा माणूस नव्हे’ हे पक्कं सांगतात, ‘हाच तो’ हे एकट्याने सांगू शकत नाहीत. सख्ख्या भावंडांच्या तुलनेतही एक मेख आहे: सरासरीने चारपैकी एका जागी सख्ख्या भावंडांचं काहीच जुळत नाही. म्हणून वडिलांसाठी फक्त काकांचा किंवा आत्याचा नमुना देऊन थांबू नये. मुलं आणि आई हा गाभा, बाकीचे जोडीला.

आणि ज्याने किटची कल्पना दिली तो मावसभाऊ तुमच्या आईच्या माहेरचा. त्याच्या रक्तात तुमच्या वडिलांचं काही नाही. त्याने नमुना दिला तरी वडिलांच्या शोधाला त्याची मदत नाही.

नमुना देण्याची रीत अशी. ज्या अ.मृ. प्रकरणाशी तुलना हवी, त्याचा क्रमांक आणि तुमच्या मिसिंगचा क्रमांक, दोन्ही घालून तपास अंमलदाराला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अधिकारी वैद्यकीय अधिकाऱ्याला पत्र देतो आणि रक्त सरकारी रुग्णालयात घेतलं जातं. सोलापुरात बहुधा सिव्हिलला. पोलिसांमार्फत झालेल्या या तपासणीचे पैसे लागत नाहीत. उपाशीपोटी जायची गरज नाही. प्रत्येकाने आधार कार्ड आणि दोन फोटो न्यावेत. ओळख फॉर्मवर फोटो चिकटवून त्यावर सही-अंगठा, साक्षीदारांच्या सह्या आणि सील, हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे. रक्त थोडंच लागतं, दोन-तीन मिली, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीएच्या नळीत. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपॅरिन असतं आणि ते डीएनएच्या प्रती काढण्याच्या क्रियेत अडथळा आणतं. कुणी चुकून ती उचलली तर नम्रपणे विचारा. तोंडाचा स्वॅब घेणार असतील तर अर्धा तास आधी काही खाऊ-पिऊ नका. तंबाखू, मावा, पान असेल तर आधी स्वच्छ चूळ भरा. स्वॅब नीट वाळवून कागदी पाकिटात घालायचा, प्लास्टिकमध्ये ओला ठेवला तर बुरशी धरते. घरात कुणाचं बोनमॅरो प्रत्यारोपण झालं असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर ते फॉर्मवर लिहून द्या, कारण प्रत्यारोपणानंतर रक्तात दात्याचा डीएनए असतो.

सगळ्यात जास्त घोळ लेबलांवर होतो. दोन भाऊ एकाच वेळी रक्त देतात, नळ्या शेजारी-शेजारी, आणि नावं अदलाबदल. तुमच्या भावांची आद्याक्षरं सारखी असतील तर जास्तच जपा. नळीवर नाव, वय आणि ‘बेपत्ता व्यक्तीचा मुलगा’ किंवा ‘पत्नी’ हे नातं लिहिलं की नाही, ते सील होण्याआधी प्रत्येकाने स्वतः वाचावं. आत्याचं नाव कर्नाटकातल्या कागदांवर वेगळ्या धाटणीने असेल, कन्नडमधून इंग्रजीत आणि तिथून मराठीत येताना त्याचं काहीही होतं. सगळीकडे आधारवरचं स्पेलिंग वापरा. नळ्या थंड पेटीत जाव्यात, पण बर्फात गोठून नाही. त्या प्रयोगशाळेत कधी पोचल्या याची तारीख आणि जावक क्रमांक अंमलदाराकडून मागून घ्या. पुढे पाठपुरावा करताना ‘आमच्या रिपोर्टचं काय झालं’ असं विचारण्यापेक्षा जावक क्रमांक सांगितला की उत्तर मिळतं.

तुमच्याकडचं सामान: उपयोगी पडू शकतं, पण ते नातलगांच्या रक्ताला पर्याय नाही. टूथब्रश फक्त त्यांचाच असेल तर चांगला. दाढीचा रेझर, कवळी, न धुतलेली टोपी, ज्या कंगव्यात मुळासकट केस अडकलेत तो कंगवा, हेही चालतं. कापलेल्या केसांना मूळ नसतं, त्यामुळे त्यांतून नेहमीची तपासणी होत नाही. धुऊन, इस्त्री करून ठेवलेला सदरा आठवण म्हणून ठीक, पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी. वस्तू आता हाताळू नका. प्रत्येक वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा, आणि पोलिसांनी पंचनामा करूनच न्याव्यात. स्वतः पिशवी घेऊन प्रयोगशाळेच्या दारात गेलात तर ती घेतली जाणार नाही. वडिलांची कधी गाठ काढून तपासायला दिली होती का? पॅथॉलॉजीत मेणाचे ब्लॉक कित्येकदा वर्षानुवर्षं ठेवलेले असतात. तो थेट त्यांचाच नमुना, म्हणून मोलाचा. हॉस्पिटलचा जुना कागद शोधा.

अहवाल आला, ज्याला ठाण्यात सीए रिपोर्ट म्हणतात, की शेवटची ओळ नीट वाचा. ‘जुळत नाही’ आणि ‘डीएनए प्रोफाइल मिळाला नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तोंडी सांगताना दोन्हींचं ‘निगेटिव्ह आला’ होऊन जातं. प्रोफाइल मिळाला नाही म्हणजे हाड खराब होतं किंवा नमुना अपुरा होता. तेव्हा दुसरी दाढ किंवा मांडीचं हाड पुन्हा पाठवण्याची, किंवा माइटोकॉन्ड्रियल तपासणी करण्याची लेखी मागणी करा. हैदराबादची सीडीएफडी ही केंद्रीय संस्था पोलीस आणि न्यायालयांकडून आलेली प्रकरणं तपासते, मागणीत तिचं नाव सुचवायला हरकत नाही. वीसपैकी एकाच जागी आकडा जुळला नाही म्हणून नातं लगेच नाकारलं जात नाही. पिढी बदलताना हजारात एक-दोनदा एखादा आकडा बदलतो, आणि तज्ज्ञ ते हिशेबात धरतात.

अमेरिकेच्या किटचं सांगायचं तर मावसभाऊ खोटं बोलत नाही. तिकडे जेडमॅचसारख्या संकेतस्थळांवर लोक स्वतःचा डीएनए आपणहून टाकतात आणि डीएनए डो प्रोजेक्टसारख्या संस्था अनोळखी मृतदेहाचा डीएनए तिथे लावून दूरच्या नातलगांपासून घरापर्यंत पोचतात. पण ती किट डीएनएवरच्या सहा-सात लाख बारीक जागा वाचतात. आपली प्रयोगशाळा वेगळ्याच वीसेक जागा वाचते. हे दोन एकमेकांशी लावताच येत नाहीत. भीमेकाठी सापडलेल्या देहाचा डीएनए त्या संकेतस्थळावर कुणी चढवलेला नाही, त्यामुळे तिथे तुमची गाठ पडेल ती फार तर एखाद्या दूरच्या परदेशस्थ चुलत-मामे नातलगाशी. शिवाय नमुना घेताना साक्षीदार नाही, सील नाही, म्हणून पोलीस तो कागद धरणार नाहीत. एक मोठी किट कंपनी २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती फुटल्याने गाजली आणि २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. तुमच्या डीएनएत भावांची, मुलांची, सगळ्या भावकीची माहिती असते. पैसे वाचवा, ते प्रवासाला लागतील.

पोलिसांकडच्या संमतीपत्रावरही ‘हा नमुना केवळ वडिलांच्या ओळखीसाठी’ असा हेतू लिहून घ्या आणि प्रत ठेवा. द्यायच्या आधी घरात एकदा मोकळं बोला. नातं तपासताना कधी कधी लपलेलं दत्तकविधान किंवा वेगळंच पितृत्व उघडं पडतं. तसं काही घरातल्या मोठ्यांना ठाऊक असेल तर ते तपास अधिकाऱ्याच्या कानावर एकांतात घालता येतं, नाहीतर चुकीचा ‘जुळत नाही’ पदरात पडतो.

फोटो आणि फोन नंबर सगळीकडे टाकलात की ‘तुमचे वडील आमच्याकडे आहेत, आधी एवढे पैसे पाठवा’ असे फोन येतील. म्हणून एक खूण जाहिरातीत कधीच टाकू नका, उदाहरणार्थ ऑपरेशन कोणत्या डोळ्याचं झालं ते. फोन करणाऱ्याला तेच विचारा. व्हिडिओ कॉलशिवाय आणि जवळच्या पोलीस ठाण्याचं नाव घेतल्याशिवाय एक पैसाही देऊ नका.

जुळलंच, तर मृत्यूची नोंद देह सापडला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे होते. कर्नाटकात सापडला असेल तर दाखला तिथूनच घ्यावा लागेल, सोलापूर महापालिकेतून मिळणार नाही. सीए रिपोर्टची प्रत, शवविच्छेदनाचा (पीएम) रिपोर्ट आणि अ.मृ. किंवा यूडीआरचे कागद एकत्र लागतात, आणि त्यावर पंढरपूरची मिसिंगही बंद करून घ्यावी लागते. काहीच हाती लागलं नाही तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ प्रमाणे सात वर्षं ठावठिकाणा न लागलेला माणूस मृत मानण्याची वाट आहे. तुमच्या बाबतीत ती मुदत जून २०३० मध्ये भरते, आणि त्यासाठी न्यायालयात जाऊन तसं ठरवून घ्यावं लागतं. तेव्हा मिसिंगची प्रत, माहिती अधिकाराचे अर्ज, त्यांची उत्तरं आणि पोच पावत्या हाच तुम्ही शोध घेतल्याचा पुरावा असेल. सगळं एका फाईलमध्ये तारखेवार लावून ठेवा, आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स दुसऱ्या भावाच्या घरी असू द्या.